दोनशे बारा भरीव

मंगळवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी उत्तर बाजूची एक लादी निखळली आणि त्यात माझ्या वडिलांचा उजवा हात मनगटापासून गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते झालंच नाही असं धरून बाकीचं नीट सांगता येईल. तर, झालं काही नाही. इमारत उभी आहे, चार मजली, खाली दुकानं, वर कचेऱ्या, रस्त्याकडच्या उत्तर बाजूला राखाडी दगडाच्या लाद्या. वडील घरी खुर्चीत बसले आहेत, दोन्ही हात मांडीवर. आज शुक्रवार आहे आणि वादळ अजून समुद्रात कुठेतरी आहे, पाच दिवसांच्या अंतरावर. त्याला आमचा पत्ता मिळालेला नाही.

मी या इमारतीचा देखभाल सहायक आहे. कुणाचा सहायक, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नाही. देखभालीचा मुख्य असा माणूसच इथे नाही, आणि मी त्याचा सहायक आहे. वर एक व्यवस्थापक आहेत. त्यांना आम्ही सगळे परिशिष्ट म्हणतो, कारण ते साधं ‘पंखा बंद करा’ म्हणाले तरी मागाहून एक कागद येतो, त्याला एक जोडपत्र असतं आणि जोडपत्रात पंख्याची व्याख्या असते. शुक्रवारी सकाळी त्यांनी वादळपूर्व तयारीची तेवीस मुद्द्यांची यादी दिली. दुकानांच्या पाट्या उतरवणे. गच्चीवरच्या पाणी जाण्याच्या तोंडांतला कचरा काढणे. एसीची बाहेरची यंत्रं तारेने बांधणे. तळमजल्याच्या काचांवर प्लायवूड ठोकणे. मुद्दा सहा, गच्चीवरील सर्व सैल वस्तू हटवणे. गच्चीवर मला एक तुटकी खुर्ची, रंगाचे सात रिकामे डबे आणि दुसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट सापडला, जो तिथे रोज सिगारेट ओढायला जातो. सगळं खाली आणलं. दुपारपर्यंत मी तेरा मुद्द्यांवर खुणा केल्या होत्या आणि वादळाबद्दल मला थोडी कीव वाटायला लागली होती. चौदावा मुद्दा होता, बाहेरील दगडी लाद्यांची पकड तपासणे. एकेक लादी पन्नास-पंचावन्न किलोची, एकूण दोनशे बारा. मागचा सिमेंटचा थर सुटला की लादी नुसती सवयीने उभी असते, आणि वादळ आलं की तिची सवय मोडते. हे तपासायचं यंत्र असतं. ते यंत्र ज्यांच्याकडे आहे ते लोक वादळ होऊन गेल्यानंतरच्या सोमवारपर्यंत मोकळे नव्हते. सगळ्या शहराला एकाच दिवशी आपल्या भिंतींची आठवण झाली होती.

“तुमचे वडील दगडातले ना?” परिशिष्ट म्हणाले.

“होते.”

“आपल्या उत्तर बाजूच्या लाद्या त्यांनीच बसवल्यात असं तुम्ही मुलाखतीत सांगितलं होतं. मी तेव्हा नोंद केली होती.”

मुलाखतीत मी ते गंमत म्हणून सांगितलं होतं. पण खरं होतं. बावीस वर्षांपूर्वी वडील आणि त्यांचे दोन जोडीदार इथे चार महिने लोंबकळत होते, आणि मी चार वर्षांचा असताना आई मला समोरच्या फुटपाथवर आणून दाखवायची, तो बघ, तो निळ्या सदऱ्यातला ठिपका आहे ना, ते बाबा. मी बराच काळ समजत होतो की बाबा कामावर गेले की लहान होतात.

लाद्या वाजवून बघायचं वडिलांचं काम सगळ्यांना माहीत होतं. हातोडीच्या लाकडी दांड्याने एक हलका ठोका द्यायचा आणि सांगायचं, भरीव किंवा बद. भरीव म्हणजे मागे सिमेंट आहे, दगड आणि भिंत एक आहेत. बद म्हणजे चिरा गेलेल्या मडक्यासारखा, निघाल्या निघाल्या मरणारा आवाज. मागे हवा. काम सोडून सहा वर्षं झाली तरी लोक त्यांना बोलवायचे, नव्या घराच्या फरशा वाजवायला, न्हाणीघराच्या भिंती वाजवायला, आणि ते कधी चुकले नव्हते. त्या दिवसांत ते सकाळी दाढी करायचे. एरवी करायचे नाहीत. आई म्हणायची, “आज साहेबांना भिंतीने बोलावलंय.” ते तिच्या तोंडाकडे बघून हसायचे. मला ते वाजवणं लहानपणी शिकवलं होतं. मी डोळे मिटून उभा राहायचो, ते घराची भिंत ठोकत पुढे सरकायचे आणि विचारायचे, “आता?” मी सांगायचो. ते म्हणायचे, “चूक. पुन्हा. आता?” मी सांगायचो. “चूक.” अकराव्या वर्षी त्यांनी निकाल दिला की पोराचा कान कच्चा आहे, याला वाणिज्य शाखेला घाला. मला भिंती आवडायच्या. मी वाणिज्य शाखेला गेलो. तिथे कुणी डोळे मिटायला सांगितलं नाही.

गेल्या दोन वर्षांत ते माझ्याशी बोलेनासे झाले होते. भांडण काही नव्हतं. भांडणासाठी दोघांनी बोलावं लागतं. मी घरी येऊन सांगितलं, नोकरी लागली, ते म्हणाले, “हो ना.” मी सांगितलं, जिच्याशी लग्न करणार होतो ती नाही म्हणाली, ते टीव्हीकडे बघत म्हणाले, “हो ना.” टीव्हीचा आवाज बंदच असायचा. त्यांना बातम्यांचा वैताग येतो म्हणून असेल असं मी ठरवलं होतं. आई त्यांच्याशी बोलायच्या आधी दंडाला हात लावायची, आणि मला वाटायचं, म्हातारपणी प्रेम वाढलं. माणूस स्वतःला काय काय पटवून देतो, त्याची यादी केली तर तेवीस मुद्दे कमी पडतील.

शनिवारी सकाळी त्यांना पाळण्यावर चढवलं. पाळणा म्हणजे गच्चीवरून तारांनी सोडलेला लोखंडी लांबट ओटा, मोटरवर खालीवर होणारा. तो चालवणारा माणूस सोबत येतो. आमचा पाळणेवाला पन्नाशीचा होता, उंचीवर सतत गुणगुणायचा आणि मला धाकटे साहेब म्हणायचा, म्हणजे मोठे साहेब कोण ते कळावं. परिशिष्टांच्या नियमाप्रमाणे डोक्यावर टोप, कमरेला पट्टा, पायांत बूट आणि हातांत जाड रबरी मोजे. वडिलांनी पहिले तीन मुकाट घातले. मोजे हातात धरून उलटेसुलटे केले.

“हे घालून काय कळणार?”

“बाबा, सही माझी आहे,” मी म्हणालो. “नियम मोडला तर माझी नोकरी जाईल.”

ते माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी मोजे घातले. मला बरं वाटलं, हे मान्य करतो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काहीतरी घालायला लावलं होतं.

वरून खाली, ओळीने काम सुरू झालं. हातोडी डाव्या हातात, उजवा पंजा दगडावर टेकवलेला, एक ठोका, मग वळून माझ्याकडे बघणं, मग “भरीव.” मी तक्त्यात खूण करायचो. प्रत्येक ठोक्याला ते वळायचे. मला वाटलं, मी लिहितोय की नाही ते तपासतात. अजूनही मी त्यांना परीक्षेला बसलेलाच दिसतो. पहिल्या ओळीत छत्तीस भरीव. दुसरीत छत्तीस भरीव. वारा नव्हता. अकरा वाजता खालच्या बसथांब्यावर रांग होती आणि भिंतीच्या पायाशी चावीवाल्याची मळकी छत्री उघडी होती. वरून ती एखाद्या मोठ्या अळंबीसारखी दिसत होती. तिसऱ्या ओळीतली सातवी लादी खिडकीला लागून होती. वडिलांनी ठोका दिला.

तो आवाज मी लिहून दाखवू शकत नाही. एवढंच सांगतो की माझ्या पोटात तो आधी पोचला आणि कानात मागाहून. बद. मरणारा. मध्येच कुणीतरी त्याचं तोंड दाबल्यासारखा. वडील वळले, माझ्याकडे बघितलं. मी पेन्सिल धरून उभा होतो आणि माझ्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. चेहऱ्यावर काही नसणं हे मी फार वर्षं खपून कमावलं आहे. त्या एका क्षणात मी पुन्हा अकरा वर्षांचा झालो, डोळे मिटलेला, भिंतीसमोर. चूक. पुन्हा. समोर कधीच न चुकलेला माणूस उभा आहे, त्याने स्वतः बसवलेला दगड आहे, पाळणेवाला ऐकतो आहे, आणि कच्च्या कानाचा एक वाणिज्य पदवीधर म्हणणार, बाबा, हा बद आहे. ते म्हणाले, “भरीव.” मी खूण केली. खाली चावीवाल्याने छत्रीतून हात बाहेर काढून कुणालातरी सुटे पैसे दिले. हात तेवढाच दिसला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत अशा चार झाल्या. घरी आल्यावर मी इस्त्रीवाल्याच्या चिठ्ठीच्या मागे त्यांचे आकडे लिहिले आणि चिठ्ठी खिशात ठेवली. का लिहिले, हे स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. रविवारी खालचा अर्धा भाग होता. एका बद लादीनंतर, ते पाठमोरे असताना, मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, “बाबा, पाळण्याला आग लागली आहे.”

वडिलांनी पुढची लादी ठोकली.

“कुठे?” पाळणेवाला दचकून म्हणाला. त्याने मोटरकडे बघितलं, तारांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“नाही लागली,” मी म्हणालो.

“धाकटे साहेब, वर असताना असली चेष्टा करू नका. माझी दोन मुलं आहेत.”

मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्याने, “बाबा, मी नोकरी सोडतोय.” ठोका. “बाबा, आई गेली.” ठोका. ते वळले, माझ्या तोंडाकडे बघितलं, माझे ओठ हललेले त्यांना दिसले असावेत. “हो ना,” ते म्हणाले. आणि मग, “भरीव.” पाळणेवाल्याचं गुणगुणणं थांबलं होतं. तो हळूच म्हणाला, “किती दिवसांपासून?” मी म्हणालो, मला काय माहीत. ते खरंच होतं. माझ्या डोक्यातून दोन वर्षं एकापाठोपाठ एक निघून गेली, टीव्ही, दंडाला लागणारा आईचा हात, ‘हो ना’, ‘हो ना’, आणि मला एक विचित्र आनंद झाला की ते माझ्यावर रागावलेले नव्हते. मग तो आनंद संपला, कारण हातात तक्ता होता. दोनशे बारा लाद्या एक बहिरा माणूस वाजवून भरीव ठरवत होता. संध्याकाळी चिठ्ठीवर अकरा आकडे होते.

सोमवारी पाळणा उतरवला. मुद्दा एकोणीस, वादळाच्या आधी दोन दिवस कोणतंही लोंबतं साहित्य राहता कामा नये. पाळणेवाला तो घेऊन दुसऱ्या इमारतीकडे गेला. त्याला तिथे मागणी होती, या दिवसांत त्याच्याइतका लोकप्रिय माणूस शहरात नव्हता. परिशिष्टांनी तक्ता बघितला.

“पोकळ किती?”

“शून्य.”

“शून्य,” ते म्हणाले, आणि चेहऱ्यावर असं सुख आलं की मला तो आकडा त्यांच्यापासून काढून घेववेना. “शून्याला परिशिष्ट लागत नाही. फार छान. वडिलांना माझा नमस्कार सांगा. काही अडचण?”

खिशात चिठ्ठी होती. ती बाहेर काढली असती तर सरळ होतं. अकरा लाद्यांवर जाळी बसली असती, किंवा त्या उतरवल्या असत्या. आणि सोबत एक कागद निघाला असता, त्याला जोडपत्र असतं, जोडपत्रात लिहिलेलं असतं की तपासणी करणाऱ्या इसमास ऐकू येत नाही. तो कागद कुठे जात नाही असं म्हणतात, पण आमच्या शहरात दगडाची कामं करणारी माणसं शंभरच आहेत आणि ती सगळी एकाच चहाच्या टपरीवर उभी राहतात. त्यानंतर कुणी भिंत वाजवायला बोलावलं नसतं. दाढीचं सामान फडताळात वाळून गेलं असतं. दुसऱ्या बाजूला बसथांब्यावरची रांग होती आणि ती छत्री होती. मी दोन्ही गोष्टी तराजूत घातल्या असं म्हणायला आवडेल, पण मी तसं काही केलं नाही. मी म्हणालो, “नाही. अडचण काही नाही.” आणि सही केली. माझी सही चांगली आहे. शेवटी खाली एक रेघ येते.

घरी गेलो तेव्हा उजेड होता. वडील खुर्चीत, आई आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी त्यांच्यासमोर खाली बसलो, आई लावते तसा त्यांच्या दंडाला हात लावला. ते माझ्याकडे वळले. माझा हात तिथे पहिल्यांदाच आला होता, हे आम्हा दोघांनाही कळलं.

“तुम्हाला ऐकू येत नाही,” मी सावकाश म्हणालो.

ते ओठांकडे बघत होते. “नाही येत,” ते म्हणाले. इतकं सरळ, जसं कुणी विचारावं चहा घेतलात का, आणि सांगावं नाही घेतला. “दोन वर्षं झाली. आधी एक गेला, मग दुसरा त्याच्यामागे. आईला ठाऊक आहे.”

“मग लोकांच्या भिंती कशा वाजवल्या?”

त्यांनी उजवा पंजा उघडून माझ्यापुढे धरला. “याने ऐकतो. ठोका दिला की दगड आतून हलतो, ते इथे येतं.” त्यांनी अंगठ्याखालच्या मांसावर बोट ठेवलं. “कानाहून बरं. म्हणून हातोडी डाव्या हाताला शिकवली. कान सगळंच ऐकतो, रस्ता, पोरं, बायको. हा फक्त दगड ऐकतो.” मग त्यांनी पंजा मिटला. “तू मोजे घालायला लावलेस ना. शनिवारपासून मला काही कळलं नाही.”

आतल्या खोलीतला घड्यांचा आवाज थांबला.

“काहीच नाही?” मी म्हणालो. “मग भरीव कसं म्हणालात? दोनशे बारा वेळा?”

“तुझ्या तोंडाकडे बघून.”

मला कळलं नाही.

“तुला तर ऐकू येतं. तुझा कान चांगला आहे. बद असेल तर तुझ्या तोंडावर दिसेल, म्हणून दरवेळी वळून बघत होतो. तुझं तोंड कोरं. म्हटलं, भरीव.”

“माझा कान कच्चा आहे, बाबा. तुम्हीच सांगितलं होतं.”

“ते वेगळं,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांनी नजर काढून घेतली. “तू आठव्या वर्षीच सगळं बरोबर सांगायला लागला होतास. एक पण चुकायचा नाहीस. म्हटलं, हा वर चढणार. माझ्या जोडीदारांतला एक वरून पडून गेला होता त्या साली. म्हणून चूक म्हणायचो.”

आई दारात आली होती. “मी तेव्हाच सांगत होते, पोराला खोटं सांगू नका,” ती म्हणाली, पण ते पाठमोरे होते, आणि तिला ते माहीत होतं. ती माझ्याशीच बोलली असावी. पंधरा वर्षं मी माझ्या कानाने ऐकलेलं कधी खरं धरलं नव्हतं. ती मुलगी नाही म्हणाली तेव्हाही मला वाटलं होतं, मी नीट ऐकलं नसेल, आणि मी तिला पुन्हा विचारलं, आणि तिने पुन्हा सांगितलं. एका पाळण्यावर दोन माणसं होती, एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला ऐकलेलं खरं वाटत नव्हतं, आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघून दगड पास करत होते. तिसरा गुणगुणत होता. मला वाटतं त्यातल्या त्यात त्याचं काम चोख झालं.

यानंतर मंगळवार येतो. मी आधी ठरवल्याप्रमाणे मंगळवार झालेला नाही, पण सोमवारनंतर दुसरं काही ठेवायला जागा नाही. सकाळी मी परिशिष्टांच्या टेबलावर इस्त्रीवाल्याची चिठ्ठी ठेवली आणि सगळं सांगितलं, बहिरेपणासकट. ते बराच वेळ चिठ्ठीच्या पुढच्या बाजूकडे बघत होते, तिथे तीन सदरे, एक चादर असं लिहिलेलं होतं.

“शून्य वर गेलं आहे,” ते म्हणाले. “शून्याची दुरुस्ती करायला मला कारण लागेल. हे कुणी ठरवलं?”

“मी.”

“तुमची अर्हता?”

“कान.”

त्यांनी टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली. वाईट माणूस नव्हते ते. त्यांनी खालचा फुटपाथ दोरीने बंद करायला तोंडी परवानगी दिली आणि म्हणाले की एखाद्या जाणकाराने एक जरी लादी पोकळ असल्याचं सांगितलं तर अकराच्या अकरा जाळीखाली घेऊ, तीनच्या आत. जाणकार शहरात एकच मोकळा होता. मी आधी दोरी बांधली. बसथांब्याची रांग पलीकडे नेली. चावीवाला हलेना.

“अठरा वर्षं इथे बसतोय. वादळ उद्या आहे ना? मग उद्या उठतो.”

“काका, आज उठा. मी विनंती करतो.”

“रंग लावताय का?”

“हो,” मी म्हणालो. “वरून रंग पडतो.” तेवढ्यावर तो उठला. कपड्यांना लोक जपतात.

वारा सुरू झाला होता, सलग नाही, मधूनमधून येऊन ढकलून बघणारा. पाळणा नव्हता, पण तिसऱ्या ओळीतली सातवी लादी खिडकीला लागून होती. ती खिडकी विमा कचेरीची. एजंट आपली खुर्ची मागे घेऊन बघत बसला. वडील दाढी करून आले होते. टोप घातला, पट्टा घातला. मोजे मी स्वतः काढून बाकावर ठेवले. ते खिडकीच्या चौकटीवर गुडघा टेकून कमरेपर्यंत बाहेर वाकले, आणि मी मागून त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, पाय भिंतीला लावून. डाव्या हाताने ठोका दिला. मी ऐकला. बद. त्यांनी उघडा पंजा दगडावर ठेवला तेव्हा त्यांची पाठ बदलली. मला पाठच दिसत होती. दोन दिवस मोज्यात कोंडलेला हात बाहेर आल्यावर माणसाची पाठ कशी होते ते मी बघितलं. सैल झाली, आणि लगेच ताठ.

“हा बद आहेच,” ते बाहेर तोंड करून म्हणाले. “पण हा नाही. वरचा. वरचा सरकतोय.”

पुरे होतं. एक लादी पोकळ हवी होती, ती मिळाली होती. ते आत येऊ शकले असते. पण खिडकीच्या वरची ती लादी, माझ्या चिठ्ठीवरच्या अकरांतलीच एक, त्यांनी बसवलेली होती आणि ती त्यांच्या हाताला काहीतरी सांगत होती, दोन दिवसांनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याशी बोलत होतं. त्यांनी हात वर नेला आणि लादीच्या खालच्या कडेला, चौकटीवरच्या फटीत, बोटं घातली. त्याच वेळी वाऱ्याचा एक धक्का आला आणि मला आवाज ऐकू आला. बारीक, वाळू चावल्यासारखा. मला एकदाही शंका आली नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला ऐकलेलं तत्काळ खरं वाटलं.

“बाबा, हात काढा,” मी म्हणालो. मग ओरडलो. मग आणखी मोठ्याने. समोरच्या फुटपाथवरच्या माणसांनी वर बघितलं, चावीवाल्याने बघितलं, एजंट उभा राहिला, खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं काय झालं. सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. त्यांच्या दंडाला हात लावायचा तर पट्टा एका हाताने सोडावा लागला असता, आणि दोन हातांनीही ते जेमतेम पेलत होते. मी सोडू की नको एवढाच विचार केला. तेवढ्याच वेळात ते झालं. लादी हातभर खाली आली, चौकटीच्या दगडावर त्यांचा पंजा खाली घेऊन टेकली, एक क्षण तशीच राहिली, मग बाहेर कलंडून गेली. खाली कुणीही नव्हतं. ती रिकाम्या फुटपाथवर, छत्रीच्या जागेवर फुटली. मी त्यांना आत ओढलं. त्यांनी हाताकडे बघितलं नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि या वेळी माझ्या तोंडावर सगळं होतं.

“बद होती ना?” ते म्हणाले.

तीनच्या आत उरलेल्या दहा लाद्यांवर जाळी बसली. बुधवारी वादळ आलं, पूर्ण आलं, शेजारच्या इमारतीचं जाहिरातीचं लोखंड त्याने दुमडून नेलं आणि आमच्या गच्चीला हातही लावला नाही, तिथे सैल असं काही नव्हतं. दहापैकी एकही लादी हलली नाही. पुढच्या सोमवारी यंत्रवाले आले, कानाला मोठे गोल लावून त्यांनी भिंत ऐकली आणि सांगितलं, दहापैकी दहा पोकळ. त्यांनी विचारलं, ही यादी कुठल्या यंत्राने केली. परिशिष्टांनी माझ्याकडे बघितलं आणि मला कायमचा लाद्यांचा तपासनीस नेमायचा प्रस्ताव वर पाठवला, जोडपत्रासह. चावीवाला विचारत होता की रंग वाळला का.

रुग्णालयात वडिलांना कळायला एक दिवस लागला की डॉक्टर काय सांगताहेत. डॉक्टरांच्या तोंडावर मुखपट्टी होती, ओठ दिसत नव्हते. शेवटी मी पुढे बसून सांगितलं. त्यांनी डावा हात उचलला, खाटेच्या कडेच्या लोखंडावर टेकवला, जरा वेळ ठेवला आणि काढून घेतला. आता ते घरी असतात. आई दंडाला हात लावते. मी कामावरून आल्यावर त्यांच्यासमोर बसतो आणि दिवसभरात कुठली लादी कशी वाजली ते ओठ मोठे करून सांगतो. ते बघतात. पुष्कळदा ते मध्येच बघणं सोडून देतात. मग मी उरलेलं तरीही सांगतो.

अपघाताचा नमुना भरायचं काम नियमाप्रमाणे देखभाल सहायकाकडे असतं. मी तो भरला, परिशिष्टांनी सही केली, तो वर गेला. त्यानंतर मी खालील अर्ज केला आहे.

विषय: अपघात नोंदीतील रकाना क्रमांक नऊमध्ये दुरुस्ती करण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवण्यात येते की, सदर नमुन्यातील ‘निकामी झालेला अवयव’ या रकान्यात माझ्याकडून ‘उजवा हात’ अशी नोंद झाली आहे. ही नोंद वैद्यकीय दाखल्याशी जुळते, तथापि ती चुकीची आहे. जखमी इसम सदर हाताने कोणतेही उचलण्याचे, धरण्याचे अथवा लिहिण्याचे काम प्रामुख्याने करीत नसून, त्या हाताने ऐकत असे. तरी त्या जागी ‘ऐकू येणे’ अशी दुरुस्ती करण्यात यावी, तसेच ते तपासणीच्या पहिल्या दिवशी, म्हणजे शनिवारी सकाळी, माझ्या सूचनेवरून बंद करण्यात आले होते, अशीही नोंद घेऊन ते त्या तारखेपासून पूर्ववत सुरू करून मिळावे, ही विनंती. निर्णय लेखी कळवावा. तोंडी कळवल्यास तो संबंधितांपर्यंत पोहोचणार नाही.